निवडून झाल्यावर जे उरतं

चीनच्या नैर्ऋत्येला, तिबेटच्या पठाराच्या पूर्व कडेला हेंगडुआन नावाच्या पर्वतरांगा आहेत. तिथे चार हजार मीटरच्या वर, झाडं संपतात आणि नुसता दगडांचा सडा सुरू होतो, त्या उतारांवर फ्रिटिलारिया डेलावेई नावाची एक छोटी वनस्पती उगवते. ती लिलीच्या कुळातली आहे. पहिली काही वर्षं ती फक्त पानं काढते. थंडीत जमिनीवरचं सगळं मरतं, खाली कंद तेवढा जिवंत राहतो, आणि बर्फ वितळला की पुन्हा पान वर येतं. साधारण पाचव्या वर्षी तिला पहिलं फूल येतं. तेही एकच. त्यानंतर वर्षाला एक.

हा कंद चिनी औषधशास्त्रात खोकल्यावर दोन हजार वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. २०२० साली या वनस्पतीवरचं एक संशोधन प्रसिद्ध झालं, तेव्हा कंदाचा भाव किलोला सुमारे ४८० डॉलर होता. एका किलोत साडेतीन हजारांहून जास्त कंद बसतात. मी सवयीने भागाकार केला. त्या वर्षीच्या डॉलरच्या दराने एका कंदाचे साधारण दहा रुपये होतात. पाच हिवाळे दगडाखाली काढून एक फूल देणाऱ्या जिवाची किंमत एका कटिंग चहाइतकी.

पण मला लिहायचंय ते या किमतीबद्दल नाही, त्या संशोधनात पुढे जे सापडलं त्याबद्दल आहे.

कुनमिंग इन्स्टिट्यूट ऑफ बॉटनीचे यांग निऊ आणि हांग सुन, आणि इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाचे मार्टिन स्टीव्हन्स यांनी या वनस्पतीच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या समूहांची तुलना केली. काही ठिकाणी पानं चांगली हिरवीगार होती, लांबूनही दिसणारी. काही ठिकाणी ती राखाडी किंवा तपकिरी होती, आजूबाजूच्या दगडांसारखी, इतकी की फोटोतही चटकन सापडू नयेत. डोंगरात रंग बदलून लपणाऱ्या वनस्पती आणखीही आहेत, आणि त्या बहुधा कुणीतरी खाऊ नये म्हणून लपतात. पण हिला खाणारा प्राणी संशोधकांना आढळला नाही. मग ती लपत होती कोणापासून?

त्यांनी स्थानिक औषधी गोळा करणाऱ्यांकडून २०१४ ते २०१९ या काळात कुठून किती कंद काढले गेले त्याच्या नोंदी घेतल्या. कुठे खणणं सोपं आहे आणि कुठे कंद मोठ्या दगडांखाली अडकलेला असतो, हेही मोजलं. उत्तर सरळ निघालं. जिथे माणूस जास्त खणत होता, तिथे वनस्पती दगडांत जास्त मिसळलेली होती. जिथे माणूस पोचत नव्हता, तिथे ती निवांत हिरवी होती. मग त्यांनी एक ऑनलाइन खेळ तयार केला. फोटोत झाड शोधा आणि त्यावर क्लिक करा. जी झाडं दगडांशी जास्त जुळत होती, ती शोधायला लोकांना जास्त वेळ लागला.

या बातमीचं जगभर जे शीर्षक झालं, ते साधारण असं होतं: माणसापासून लपायला शिकलेली वनस्पती. वाचायला छान वाटतं. हुशार झाड, हावरट माणूस, आणि शेवटी झाडाचा विजय. पण ‘शिकली’ हे क्रियापद इथे खोटं आहे, आणि ते खोटं असण्यानेच नैतिक प्रश्न सुरू होतो.

कोणतीही वनस्पती काही शिकली नाही. त्या उतारावर आधीपासून थोडी हिरवी, थोडी करडी, थोडी तपकिरी झाडं होती. एकाच जातीच्या जिवांमध्ये असा फरक असतोच. बिया तयार होताना आईबापांची जनुकं नव्याने पिसली जातात, नक्कल उतरवताना मधूनच एखादं अक्षर चुकतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे साठत जातं. यालाच जनुकीय वैविध्य म्हणतात. हे वैविध्य कुठल्याही संकटाला उत्तर म्हणून जन्माला येत नाही. संकट येण्याआधी ते तिथे असावं लागतं. मग टोपली घेऊन माणूस आला. त्याला हिरवी दिसली, ती त्याने काढली. करडी दिसली नाही, ती राहिली. राहिली तिनेच बी धरलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. इतकंच घडलं.

म्हणजे ‘लपायला शिकली’ या वाक्याचा खरा अनुवाद असा: ज्या दिसत होत्या, त्या आता नाहीत. आपण ज्याला जुळवून घेणं म्हणतो, ते लांबून पाहिलं तर कौशल्य दिसतं आणि जवळून पाहिलं तर गैरहजेरीचा हिशेब दिसतो. मला वाटतं, माणसांबद्दल बोलतानाही आपण ही चलाखी करतो. अमुक वस्तीतली पोरं किती काटक असतात, असं आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा जी काटक नव्हती त्यांचं काय झालं हे विचारत नाही.

आता यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. माणूसही निसर्गाचाच भाग आहे. याच पर्वतांमध्ये कोरिडॅलिस बेनेसिंक्टा नावाची एक वनस्पती आहे. तिच्यातही हिरव्या पानांची आणि करड्या पानांची अशी दोन्ही झाडं सापडतात. तिथे अपोलो फुलपाखरू हिरव्या झाडांवर जास्त अंडी घालतं, अळ्या ती पानं खातात, आणि करडी वाचतात. म्हणजे फुलपाखरू तेच करतं जे खणणारा माणूस करतो. फुलपाखराला आपण दोष देत नाही. मग माणसाला का द्यायचा? भूक ती भूक.

मी यावर बरेच दिवस अडलो होतो. ‘माणसाला विचार करता येतो, फुलपाखराला नाही’ हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. त्यातून माणसाचा मोठेपणा सिद्ध होतो, फरक कळत नाही. मला पटलेला फरक जास्त साधा आहे: फुलपाखराकडे बाजारभाव नसतो.

हिरवी झाडं कमी झाली की फुलपाखराला ती शोधणं महाग पडतं. ते दुसरीकडे वळतं, किंवा फुलपाखरंच कमी होतात. झाडाला उसंत मिळते. भूक आणि अन्न यांच्यात एक दोरी असते, आणि अन्न कमी झालं की ती भुकेला मागे ओढते. माणसाच्या बाबतीत हीच दोरी उलटी बांधली जाते. वस्तू दुर्मीळ झाली की भाव चढतो. भाव चढला की आणखी उंच चढून, आणखी बारकाईने शोधणं परवडतं. शेतात वाढवलेल्यापेक्षा रानातलं जास्त गुणकारी, हा समज तर दुर्मीळतेलाच गुण ठरवतो. फुलपाखरू शेवटच्या झाडाकडे पाठ फिरवू शकतं. बाजाराला शेवटचं झाड सगळ्यांत मोलाचं वाटतं.

त्याच हिमालयी पट्ट्यातली दुसरी गोष्ट याहून जुनी आहे आणि जास्त बोचरी आहे. सॉस्यूरिया लॅनिसेप्स, म्हणजे हिमकमळ. लोकरीसारख्या केसांत गुंडाळलेली ही वनस्पती आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. तिबेटी आणि चिनी औषधांत ती वापरतात, पर्यटकही विकत घेतात, आणि सगळ्यांना हवी असते ती मोठी, फुललेली. म्हणजे नेमकी ती, जी बी धरण्याच्या बेतात आहे. २००५ साली वेन लॉ आणि जॅन सॅलिक या संशोधकांनी वनस्पती-संग्रहालयांत शंभराहून अधिक वर्षांत जमा झालेले वाळवलेले नमुने मोजले. या काळात हिमकमळाची उंची घटत गेली होती. तिच्याच कुळातली सॉस्यूरिया मेड्युसा, जिला तेवढी मागणी नाही, ती मात्र खुजी झाली नव्हती. शिवाय जे डोंगर स्थानिक तिबेटी लोक पवित्र मानतात आणि जिथे फारशी काढणी होत नाही, तिथली हिमकमळं इतर ठिकाणच्यांपेक्षा मोठी होती.

म्हणजे असं बघा. सगळ्यांना मोठं फूल आवडत होतं. कुणालाही छोटं नको होतं. आणि सगळ्यांच्या आवडीने मिळून फूल छोटं केलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे हे वाक्य मला फार ओळखीचं वाटतं. माझं काम खरेदीच्या एका ॲपमध्ये शोधलेल्या वस्तू कुठल्या क्रमाने दिसाव्यात, हे ठरवणारा कोड लिहिण्याचं आहे. आमच्याकडे एक नियम कुणी न शिकवता कळतो: तुम्ही जे मोजता, तसं जग तुमच्याभोवती तयार होतं. ज्या शब्दांना आमचा क्रम वर नेतो, ते शब्द महिन्याभरात सगळ्या विक्रेत्यांच्या नावांत शिरतात. कुणी त्यांना सांगत नाही. ज्यांच्या नावांत ते शब्द नसतात, ते तिसऱ्या पानावर जातात, आणि तिसऱ्या पानावर कुणी जात नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही जेनेटिक अल्गोरिदम शिकलो होतो. त्यात ‘फिटनेस फंक्शन’ आधी लिहावं लागतं, म्हणजे कोण टिकणार याची अट. तिथे ती अट लिहिणारा कोणीतरी असतो, त्याचं नाव कोडमध्ये असतं. हेंगडुआनच्या उतारावरची अट कोणी लिहिली? खणणाऱ्याने? त्याला वर्षभराचं घर चालवायचंय. व्यापाऱ्याने? तो मागणी पोचवतो. खोकणाऱ्या पोराच्या आईने? तिला फक्त रात्री पोराला झोप लागायला हवी आहे. प्रत्येकाने एकेक अक्षर लिहिलं, आणि पूर्ण फाइल कुणीच उघडून वाचली नाही.

काही महिन्यांपूर्वी आमच्या टीमकडे एक मागणी आली. औषधी वनस्पतींच्या विभागात ‘रानातून गोळा केलेलं’ असा फिल्टर द्यायचा. लोक तसं शोधतात, आकडे तसं सांगतात. दोन दिवसांचं काम. मी मीटिंगमध्ये म्हटलं, की हे बटण नुसतं यादी गाळत नाही, ते खणायला सांगतं. निदान ‘लागवड केलेलं’ हाही पर्याय शेजारी द्या, आणि तो आधी द्या. आमचा मॅनेजर भला माणूस आहे. तो म्हणाला, “अरे, गिऱ्हाईक मागतंय ते आपण दाखवतोय. आपण कुठे डोंगर खणायला चाललोय?” त्याचं म्हणणं वाक्य म्हणून पूर्ण खरं आहे. त्या साखळीतला प्रत्येकजण ते वाक्य तितक्याच खरेपणाने म्हणू शकतो, अडचण ही आहे. टिकेट अजून बॅकलॉगमध्ये पडलंय. ते माझ्या नावावर आलं तर मी काय करीन, हा माझ्यापुरता अगदी व्यवहारी प्रश्न आहे, आणि हा लेख लिहिण्यामागचं एक कारणही.

तर मग नेमकं नुकसान काय झालं, हे नीट सांगता यायला हवं. कारण मॅनेजर विचारेलच. करडं झाड जिवंत आहे. खुजं हिमकमळही फुलतंय. जात टिकली. मग तक्रार कसली? हिरवा रंग गेला म्हणून हळहळणं ही आपली सौंदर्याची आवड झाली, नीती नव्हे.

माझं उत्तर असं आहे. एखाद्या जातीतलं वैविध्य म्हणजे तिच्याकडे उद्यासाठी ठेवलेली उत्तरं. उद्या कुठला प्रश्न येणार आहे, हे तिला माहीत नसतं. थंड उंच प्रदेशात तर प्रश्न पटापट बदलताहेत. बर्फ लवकर वितळतोय, उन्हाळा लांबतोय, आणि वर सरकायला डोंगर शिखरापाशी संपतो. अशा वेळी तिच्याजवळ जितक्या तऱ्हा असतील, तितकी शक्यता जास्त. आपल्या काढणीने तिला एकाच प्रश्नाचं उत्तर पाठ करायला लावलं: माणसाच्या नजरेला कसं चुकवायचं. त्या नादात ज्या तऱ्हा पुसल्या गेल्या, त्यांच्याबरोबर आणखी काय काय गेलं, ते कुणी मोजलेलं नाही. आणि पाच वर्षांनी एक फूल देणाऱ्या वनस्पतीला ते पुन्हा जमवायला किती पिढ्या लागतील, याचा अंदाज आपल्या आयुष्याच्या मापाने करता येत नाही. ज्या गोष्टी आपण परत करू शकत नाही, त्या घेताना ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण एकदाच चालतं. आता माहीत आहे.

यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दुकानात आपली निवड, आपण जे उचललं त्यावर संपते. हापूस पेटीतून चांगले आंबे निवडले, घरी आणले, विषय संपला. जिवंत जगात मात्र निवड उलट्या बाजूने पुढे जाते. जे उचललं ते संपलं. जे मागे राहिलं, त्याचीच पुढची पिढी होते. आपली सगळी नीती ‘काय घेतलं, कोणाकडून घेतलं, योग्य दाम दिला का’ याभोवती फिरते. ‘घेतल्यावर मागे काय राहिलं’ या प्रश्नाला तिच्यात जागाच नाही.

म्हणजे शहरी नीतीत नाही. शेतकऱ्याच्या नीतीत होती. आमच्या आजीकडे ज्वारीची काढणी झाली की सगळ्यांत टपोरी कणसं आधी बाजूला निघायची. ती कुणी खायची नाहीत. ती आढ्याला टांगून ठेवायची, बियाण्यासाठी. तिचा डोळा आणि हिमकमळ तोडणाऱ्याचा डोळा एकच होता. दोघांनाही मोठं, भरलेलं, देखणं तेच दिसायचं. फरक हातात होता. एक हात उत्तम ते पुढच्या वर्षाला देत होता, दुसरा उत्तम ते आजच्या टोपलीत टाकत होता. एकीच्या निवडीने कणीस पिढ्यान्‌पिढ्या भरत गेलं, दुसऱ्याच्या निवडीने फूल लहान होत गेलं. आवड वाईट नव्हती. आवडीनंतर हात कुठे वळतो, हा प्रश्न होता.

यावर आपल्याकडचं एक जुनं शहाणपणही आहे. च्यवनप्राशाच्या मूळ पाठात अष्टवर्गातल्या काही वनस्पती येतात. अष्टवर्ग म्हणजे जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धी, वृद्धी. या हिमालयातल्या कंदवर्गीय वनस्पती. यातल्या एकीची ओळख काही अभ्यासक फ्रिटिलारियाच्याच एका भारतीय जातीशी जोडतात. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने आपल्या ‘भावप्रकाशा’त नोंदवलंय की या वनस्पती राजेलोकांनासुद्धा मिळेनाशा झाल्या आहेत, म्हणून वैद्याने त्यांच्या जागी प्रतिनिधी द्रव्यं घ्यावीत. मेदा-महामेदेऐवजी शतावरी, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा, याप्रमाणे. मला यातली वृत्ती आवडते. दुर्मीळ झालं म्हणून जास्त मोल द्या, असं तो म्हणत नाही. दुर्मीळ झालं, तर त्याला सोडा, दुसरं बघा, असं म्हणतो. बाजाराची उलटी बांधलेली दोरी तो पुन्हा सुलट बांधतो.

अर्थात, प्रतिनिधीही जिवंतच असतो. सगळ्यांनी शतावरी रानातून उपटली, तर तिचंही तेच होईल. पर्याय म्हणजे सुटका नव्हे. अश्वगंधा शेतात पिकवता येते, आणि पिकवणाऱ्याला पुढच्या वर्षीचं बी राखावं लागतं, एवढाच त्यातला आधार. घेणाऱ्यालाच जेव्हा पुढचं बी राखायचं असतं, तेव्हा त्याचा हात आजीच्या हातासारखा वळण्याची शक्यता असते.

आपल्या पिढीला याची एक आणखी बाजू कळायला हवी. आपण दिसण्यावर जगतो. पोस्ट दिसली पाहिजे, प्रोफाइल वर आलं पाहिजे, न दिसणं म्हणजे नसणं. म्हणून एखादं दुर्मीळ फूल सापडलं की त्याला दाखवणं हीच त्याची सेवा, असं आपल्याला प्रामाणिकपणे वाटतं. पण निसर्गातल्या नोंदी ठेवणारं आयनॅचरलिस्ट हे ॲप, धोक्यातल्या जातींच्या नोंदीचं नेमकं ठिकाण आपोआप धूसर करतं. तुम्ही अचूक जागा दिलीत, तरी इतरांना नकाशावर एक मोठा चौकोनच दिसतो. कोड लिहिणारा म्हणून मला ती सोय फार समजूतदार वाटते. करड्या पानांना जे काम कित्येक पिढ्यांची किंमत देऊन करावं लागलं, ते इथे कुणीतरी चार ओळींत करून ठेवलंय. कुणाला तरी आधी सुचलं, की आपलं पाहणं हीसुद्धा एक कृती आहे.

त्या डोंगरावर खणणाऱ्या माणसाला मी इथे बसून उपदेश करणार नाही. दहा रुपयांच्या कंदावर ज्याचं वर्ष चालतं, त्याच्यापेक्षा ‘रानातलंच हवं’ असा आग्रह धरणाऱ्या माझ्याकडे सोडण्यासारखं जास्त आहे. मला नकार स्वस्तात पडतो, म्हणून तो आधी मी द्यायचा. काही विकत घेताना, काही शेअर करताना, एखादा फिल्टर लिहिताना किंवा वापरताना, ‘मला हे हवंय का’ या प्रश्नाच्या पुढे एक प्रश्न जोडायचा: माझ्यासारख्या सगळ्यांनी हेच निवडलं, तर मागे कोण उरेल?

हेंगडुआनच्या उतारांवर याचं उत्तर आत्ताच उगवलेलं आहे. ते दगडाच्या रंगाचं आहे आणि सहज दिसत नाही.